पावसाळ्यात सीएनजी गाडीच्या एअर फिल्टरमध्ये वारंवार होणारा बॅकफायर: दोष कुठे शोधावा

माझी गाडी २००६ सालची, चार सिलिंडरची आणि पेट्रोल इंजेक्शनची आहे. तिला नंतर बाहेरून जुन्या, म्हणजे मिक्सर पद्धतीचे सीएनजी किट बसवले. आठवड्यातून तीन-चार वेळा मी नाशिकच्या इंदिरानगरहून पाथर्डी फाटा, विल्होळी, वाडीवऱ्हे या मार्गाने घोटीला जातो. लागोपाठ तीन पावसाळे मला एकाच दोषाने छळले. सकाळी गाडी गॅसवर घेऊन विल्होळीच्या पुढे वेग वाढवावा, ॲक्सिलरेटर दाबावा, आणि बॉनेटखालून सुतळी बॉम्बसारखा आवाज यावा, असे होत असे. त्यानंतर इंजिन दोन क्षण गुदमरे आणि पुन्हा चालू लागे. दोनदा एअर फिल्टरच्या डब्याच्या पकडी निखळल्या आणि एकदा डबाच उभा तडकला. पेट्रोलवर मात्र हीच गाडी तक्रारीला जागा ठेवत नसे. दिवाळीनंतर आवाज आपोआप बंद होई आणि जूनमध्ये पुन्हा सुरू होई.

पहिल्या दोन वर्षांत जे उपाय झाले ते बहुतेकांच्या वाट्याला येतात, म्हणून सांगतो. डबा बदलला. डब्यावर दाब सोडणारी रबरी झडप बसवली. रिड्यूसरकडून (गॅसचा दाब उतरवणारा भाग) मिक्सरकडे (गॅस हवेत मिसळणारा भाग) जाणाऱ्या नळीवरचा पॉवर स्क्रू थोडा सैल करून गॅस वाढवला. "साहेब, गाडी गॅसला उपाशी आहे, जरा वाढवला की फटाका जाईल," असे मला सांगण्यात आले, आणि खरोखरच तो तीन आठवडे गेला. मग ॲव्हरेज उतरले, पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाढला आणि ऑगस्टच्या झडीत आवाज परत आला. झडपेमुळे डबा वाचतो हे खरे आहे, पण ती स्फोट झाल्यानंतरचा दाब बाहेर सोडते, स्फोट का होतो या प्रश्नाशी तिचा काही संबंध नसतो.

तिसऱ्या वर्षी मी हा प्रश्न उलट बाजूने विचारायचे ठरवले. गॅस एवढा स्फोटक असेल तर तो उन्हाळ्यात का पेटत नाही, आणि पेट्रोलवर आवाज का येत नाही?

आवाज कुठून येतो, हे आधी ठरवा

गॅरेजमध्ये तीन वेगवेगळ्या आवाजांना सरसकट "फटाका" म्हटले जाते आणि तिथूनच निदान चुकू लागते. चढावर, भार पडल्यावर, धातूवर खडे टाकल्यासारखा जो टकटक आवाज येतो तो नॉकिंगचा असतो. ठिणगीपासून निघालेली ज्वाळा पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कडेचे मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून पेटते, तेव्हा तो होतो. ही तक्रार प्रामुख्याने पेट्रोलची आहे. मिथेन, म्हणजे सीएनजीतला मुख्य वायू, स्वतःहून पेटण्यासाठी साधारण ५४० अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्याचा ऑक्टेन अंक १२० च्या आसपास मानला जातो, त्यामुळे कसारा घाट चढताना पेट्रोलवर टकटकणारी गाडी गॅसवर घेतल्यास बहुधा शांत होते. दुसरा आवाज सायलेन्सरमधून येतो. सिलिंडरमध्ये न पेटलेले मिश्रण बाहेर जाऊन तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पेटते तेव्हा तो येतो, आणि तो आल्यास मिसफायर होत आहे एवढे निश्चित समजावे. तिसरा आवाज एअर फिल्टरच्या बाजूने, म्हणजे इंजिनच्या श्वास घेण्याच्या वाटेतून येतो. यालाच मी इथे बॅकफायर म्हणतो, आणि माझी तक्रार ही तिसरी होती. खात्री करण्यासाठी मित्राला गाडी चालवायला सांगून मी शेजारी बसलो आणि दोन्ही काचा खाली ठेवल्या. आवाज पुढून येत होता आणि त्याच क्षणी हवेच्या नळीला हिसका बसत होता.

गॅसवरच असे का होते

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचे फवारे इनलेट व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये मिश्रण आत घेणाऱ्या झडपेच्या) तोंडाशी पडतात. त्यामागचा सगळा मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारी नळी), थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) आणि फिल्टरपर्यंतची नळी यांत निव्वळ हवा असते, आणि हवा पेटत नाही. मिक्सर किटमध्ये गॅस थ्रॉटलच्या आधीच हवेत मिसळला जातो. त्यामुळे मिक्सरपासून व्हॉल्व्हपर्यंतची संपूर्ण पोकळी पेटू शकणाऱ्या मिश्रणाने सतत भरलेली असते. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असला तरच पेटतो. पूर्ण ज्वलनासाठी लागणारे प्रमाण सुमारे ९.५ टक्के असते. म्हणजे इंजिनला जे मिश्रण हवे असते तेच मॅनिफोल्डमध्येही साठलेले असते, आणि चुकून एक ज्वाळा मागे शिरली तर ते सगळे एकदम पेटते. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचे इंजेक्टर प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाजवळ असल्याने ही पोकळी जवळपास रिकामी राहते आणि बॅकफायरचे प्रमाण फार कमी होते. ज्यांना किट बदलणे परवडते त्यांनी ते जरूर बदलावे, पण मूळ दोष तसाच राहिला तर सिक्वेन्शियल किटवरही गाडी झटके देत राहते.

(चढावर गॅसची गाडी मंद वाटते, त्याचे एक कारणही याच आकड्यात आहे. आत ओढलेल्या प्रत्येक दहा भागांपैकी जवळपास एक भाग गॅसच व्यापतो, तेवढी हवा कमी पडते आणि ताकद त्या प्रमाणात उतरते. हा दोष नव्हे, म्हणून त्यावर उपाय शोधत बसू नये.)

आता ज्वाळा मागे शिरते कशी, ते पाहू. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर हे रोज पाहायला मिळते. बर्नर पुसून नीट न बसवता नॉब अगदी बारीक केला की कधी कधी खट असा आवाज होतो आणि ज्वाळा बर्नरच्या आत, मिश्रणाच्या नळीत जळू लागते. मिश्रण ज्या वेगाने बाहेर येते त्यापेक्षा ज्वाळेचा वेग जास्त झाला की ती उलट चालत जाते. इंजिनमध्ये ही वाट इनलेट व्हॉल्व्ह अडवून धरतो. व्हॉल्व्ह उघडायच्या आधी सिलिंडरमधले ज्वलन पूर्ण झालेले असले पाहिजे, ही सगळ्या व्यवस्थेची अट आहे.

ही अट दोन प्रकारांनी मोडते. पहिला प्रकार रेंगाळणाऱ्या ज्वाळेचा आहे. शांत मिश्रणात मिथेनची ज्वाळा सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकते. गॅसचे प्रमाण ९.५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांच्या आसपास उतरले तर हा वेग तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो. सिलिंडरमधल्या खळबळीमुळे प्रत्यक्ष वेग कित्येक पटींनी वाढतो, पण पातळ मिश्रणाची सुस्ती त्या वेगातही उतरते. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर एक फेरी २० मिलिसेकंदांत पुरी होते, आणि ठिणगी पडल्यापासून त्याच सिलिंडरचा इनलेट व्हॉल्व्ह पुन्हा उघडेपर्यंत जेमतेम एवढाच अवधी मिळतो. मिश्रण पातळ असेल, ठिणगी अशक्त असेल किंवा उशिरा पडत असेल, तर एक्झॉस्ट स्ट्रोक (जळलेला वायू बाहेर ढकलण्याचा टप्पा) संपत आला तरी आत काहीतरी जळत राहते. त्या वेळी क्षणभर दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात आणि ज्वाळेला ताज्या मिश्रणाची वाट मोकळी मिळते.

दुसरा प्रकार चुकीच्या सिलिंडरमध्ये पडणाऱ्या ठिणगीचा आहे, आणि माझ्या गाडीचा रोग हाच निघाला. चार सिलिंडरच्या गाड्यांत ठिणगीचा क्रम बहुधा १-३-४-२ असा असतो. पहिल्या सिलिंडरची ठिणगी पडते तेव्हा तिसरा सिलिंडर मिश्रण ओढून घेण्याच्या शेवटच्या टप्प्यात असतो. तो मिश्रणाने भरलेला असतो आणि त्याचा इनलेट व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. अशा वेळी पहिल्या प्लगच्या वायरीतला विजेचा दाब गळून तिसऱ्याच्या वायरीत शिरला, तर उघड्या दारासमोरच ठिणगी पडते. दाब नसलेल्या मिश्रणात ठिणगी पाडायला कमी व्होल्टेज पुरते, त्यामुळे हे सहज घडू शकते. शिवाय माझ्या गाडीप्रमाणे ज्या गाड्यांत एक कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) दोन सिलिंडरांना एकाच वेळी ठिणगी देते, तिथे दुसरी ठिणगी एक्झॉस्ट स्ट्रोकच्या अखेरीस पडत असते. तिथे जळते मिश्रण शिल्लक नाही आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बरोबर आहे, तोपर्यंत ती निरुपद्रवी असते.

पाऊस, वायरी आणि पेट्रोलचे प्रमाणपत्र

गॅसवर प्लगच्या फटीत ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा अधिक व्होल्टेज लागते. वायरीचे रबर, टोपीतली भेग, प्लगच्या चिनीमातीवरची काळी रेघ किंवा कॉइलवरचा मळ हे दोष पेट्रोलच्या कमी व्होल्टेजवर झाकलेले राहतात. गॅसवर व्होल्टेज चढले की वीज सोपी वाट शोधते, आणि पावसात महामार्गावरची धूळ व पाणी यांचा पातळ लेप तिला ती वाट करून देतो. म्हणून "पेट्रोलवर गाडी उत्तम चालते, म्हणजे प्लग-वायरी ठीक आहेत" हे मला तीन वर्षे ऐकवलेले वाक्य चुकीचे आहे. पेट्रोलवर चालणे हे इग्निशनच्या तब्येतीचे प्रमाणपत्र नव्हे. गॅस वाढवल्यावर तात्पुरता आराम का पडला, तेही यातून कळते. पातळ मिश्रण योग्य प्रमाणाकडे सरकले की ते अशक्त ठिणगीनेही पेटते आणि भरभर जळते, पण वायरीतली गळती तशीच राहते.

गळती पाहण्याची सोपी परीक्षा अशी आहे. गॅसच्या सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करावा, नळीतला गॅस संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि मग ते पेट्रोलवर घ्यावे. पेट्रोलच्या नळ्या कुठेही ओल्या नाहीत याची खात्री करावी. ती नसेल तर ही परीक्षा करूच नये. काळोखात, मोकळ्या जागेत बॉनेट उघडून कॉइल आणि वायरींवर बाटलीतून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. सदरा सैल नसावा, आणि वायरींना हात तर मुळीच लावू नये. मी हे जुलैच्या एका रात्री घरासमोर केले. पहिल्या आणि तिसऱ्या वायरी एका प्लास्टिकच्या पट्टीने एकत्र आवळल्या होत्या, आणि त्या पट्टीशी निळसर ठिणग्यांची माळ दिसली. तीन वर्षे ज्याच्यासाठी डबे बदलले, तो दोष बोटभर जागेत होता.

चारही वायरी आणि प्लग मी नवीन घेतले. प्लगची फट किट बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठेवली. गॅससाठी ती बहुधा पेट्रोलपेक्षा थोडी कमी, ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपास सांगितलेली असते. पुस्तिका नसेल तर किटवाल्याला विचारावे, अंदाजाने ठोकू नये. वायरी एकमेकींपासून सुट्या राहतील अशा मूळच्या खाचांत बसवल्या. नीटनेटकेपणासाठी त्या एकत्र बांधण्याची सवय अनेक गॅरेजांमध्ये दिसते, आणि गॅसच्या गाडीत ती खरोखर घातक आहे.

वायरी चांगल्या असूनही आवाज येत असेल तर

मग मिश्रण पातळ का पडते, ते पाहावे लागते. मिक्सरच्या पुढे, म्हणजे मिक्सर आणि इंजिन यांच्या मध्ये, नळीला चीर असेल किंवा गॅस्केट सुटले असेल तर जादा हवा आत शिरते. ब्रेक बूस्टरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी हमखास विसरली जाते. एअर फिल्टर तुंबला तर मिक्सर किटमध्ये बहुधा उलटे होते, गॅस जास्त ओढला जातो. तेव्हा फिल्टर बदलल्यावर आवाज वाढला तर नव्या फिल्टरला दोष देऊ नये, मिश्रण पुन्हा बसवून घ्यावे. रिड्यूसरकडे विशेष लक्ष द्यावे. टाकीतला गॅस पूर्ण भरल्यावर सुमारे २०० बार दाबाचा असतो आणि तो दाब उतरताना गॅस अतिशय थंड होतो, म्हणून रिड्यूसरभोवती रेडिएटरचे गरम पाणी फिरवलेले असते. पाणी कमी असेल किंवा त्या नळीत हवा अडकली असेल तर रिड्यूसर गोठू लागतो, गॅसचा पुरवठा मध्येच कमी पडतो आणि गाडी झटके देते. निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हीच तक्रार असेल, तर वायरींच्या आधी रिड्यूसर हाताने चाचपून पाहावा. पाच-सात मिनिटे चालल्यावरही तो थंडगार लागला, तर दोष तिथेच आहे.

व्हॉल्व्हची बाब मी थोडक्यात सांगतो, कारण ती घरी तपासता येत नाही. गॅस कोरडा असल्याने व्हॉल्व्हची बैठक झिजू शकते, टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि तो ढकलणारा भाग यांच्यातली) फट मिटत जाते आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. इनलेट व्हॉल्व्ह असा अर्धवट राहिला तर दर ज्वलनाला गरम वायू मागे गळतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून घेतल्यास हा संशय फिटतो. आवाज कोरड्या हवेतही येत असेल आणि इंजिन तापल्यावर वाढत असेल, तर ही तपासणी पुढे ढकलू नये. टायमिंग पुढे घेणारे छोटे यंत्र किटसोबत बसवलेले असल्यास त्याची जोडणीही पाहावी. गॅसला ठिणगी थोडी आधी लागते, आणि ते यंत्र बंद पडले तर ज्वलन मागे रेंगाळते.

आगीच्या संभवाविषयी

बॅकफायरने टाकी फुटेल अशी भीती लोकांना वाटते. ज्वाळा मॅनिफोल्डमधून दाबाच्या नळीत शिरून टाकीपर्यंत जाऊ शकत नाही, कारण तिथे हवाच नसते आणि निव्वळ मिथेन पेटत नाही. खरा धोका वेगळा आहे. स्फोटाने निखळलेली रबरी नळी बॉनेटखाली गॅस सोडत राहते, किंवा धक्क्याने पेट्रोलची नळी सुटते. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असल्याने वर उडून विरतो, मात्र बंद गॅरेजच्या छताखाली साठतो. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड असते, ती खाली सरकत जाते आणि हवेत दीड टक्का असली तरी पेटते. एलपीजीवरच्या गाडीतही गळलेला वायू जमिनीलगत राहतो. त्यामुळे बॅकफायर झाल्यावर तसेच पुढे जाऊ नये. गाडी कडेला घ्यावी, चावी बंद करावी, वास येतो का पाहावे, आणि वास असल्यास गॅसच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून दूर व्हावे. जोडांवर साबणाचे पाणी लावल्यास गळती बुडबुड्यांनी दिसते. काडी ओढून गळती शोधणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना हात धरून थांबवले पाहिजे. गॅस पेटलाच, तर पुरवठा बंद न करता केवळ ज्वाळा विझवणे अधिक धोक्याचे असते, कारण तोच गॅस न जळता साठतो आणि पुन्हा पेटतो. गॅसच्या सिलिंडरची दर तीन वर्षांची दाबचाचणी चुकवू नये.

वायरी बदलल्यानंतर मला एक काम राहिले होते. आधी वाढवून ठेवलेला गॅस मूळ जागी आणायचा होता. ते मी इंजिन पूर्ण तापवून, पीयूसी केंद्रातल्या यंत्रावर आकडे पाहत करून घेतले, आणि त्यानंतर लगेच विल्होळीच्या रस्त्याने जाऊन गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये भाराखाली चालवून पाहिली. ॲव्हरेज पूर्वीवर आले. त्या ऑगस्टमध्ये वाडीवऱ्ह्याजवळ अशा पावसात सापडलो की वायपर पुरे पडेनात. गाडी घोटीपर्यंत गॅसवरच गेली आणि डब्यातून एकदाही आवाज आला नाही. आता मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी कॉइल आणि वायरी कोरड्या फडक्याने पुसतो, टोप्या काढून आत हिरवट गंज आहे का पाहतो, आणि रात्री एकदा पाण्याचा फवारा मारून पाहतो.